पार्श्वभूमी : एलएमजी आणि तिचं काडतूस

भुसावळजवळच्या वरणगावची आयुध निर्माणी १९६४ची. सैन्याच्या रायफली आणि मशीनगनसाठी काडतुसं बनवणारा हा कारखाना. खानदेशात एलएमजी, म्हणजे लाइट (हलकी) मशीनगन, घडत नाही, पण तिचा इतिहास समजून घ्यायला वरणगावचा हा माल मला सगळ्यात उपयोगी वाटतो. भारतात ही बंदूक जेव्हा जेव्हा बदलली, तेव्हा खरा प्रश्न काडतुसाचा होता.

हायरम मॅक्सिमने १८८४ साली आपल्या मशीनगनमध्ये गोळी सुटतानाचा झटकाच पुढचं काडतूस भरायला वापरला. मिनिटाला सुमारे ६०० गोळ्या सुटू लागल्या. पण थंड ठेवायला पाणी, खाली तिवई; धावत्या तुकडीबरोबर ती नेणार कोण?

एका जवानाला पेलेल अशी मशीनगन हवी होती. आपल्या सैन्यात ती गरज सर्वांत जास्त काळ भागवली ब्रेन या एलएमजीने. रचना मूळची चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनोची, इंग्रजांनी ती १९३०च्या दशकात इंग्लंडमधल्या एनफिल्डला बनवायला घेतली. वजन दहा किलोच्या आसपास. नळी तापली की काही सेकंदांत काढून दुसरी बसवता येई. तेव्हाच्या .३०३ इंची काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असल्यामुळे तिचं मॅगझिन (काडतुसं भरायची पेटी) चांगलंच वाकडं होतं. पुढे सैन्य ७.६२ मिमी व्यासाच्या गोळीच्या काडतुसाकडे वळलं, तेव्हा ब्रेन मोडीत निघाली नाही. नळी बदलली, मॅगझिन जवळपास सरळ झालं आणि तीच बंदूक पुढची कित्येक वर्षं चालली. इतकी भक्कम रचना क्वचितच होते.

१९९०च्या दशकात इन्सास ही भारतीय बनावटीची रायफल आणि तिचीच एलएमजी आली, ५.५६ मिमीची. ७.६२चं काडतूस साधारण २४ ग्रॅमचं, हे त्याच्या निम्मं. तेवढ्याच ओझ्यात दुप्पट गोळ्या. शिवाय रायफल आणि एलएमजीला एकच दारूगोळा. मात्र लांबवर मारा हलका पडे, आणि तीस गोळ्यांचं मॅगझिन एलएमजीला अपुरंच. सतत मारा करून शत्रूला डोकं वर काढू न देणं हे जिचं काम, तिला दर काही क्षणांनी थांबावं लागणं ही मोठी उणीव होती.

म्हणून मार्च २०२०मध्ये इस्रायलच्या कंपनीशी १६,४७९ नेगेव्ह एलएमजींचा सुमारे ८८० कोटी रुपयांचा करार झाला. बंदूक आठ किलोच्या आत, काडतुसं पट्ट्यातून येणारी आणि पुन्हा ७.६२ मिमीची. मारा वाढला, त्याबरोबर प्रत्येक काडतुसामागे ते वाचलेले बारा ग्रॅमही जवानाच्या पाठीवर परत आले.