सहवाचन

सहवाचन : सर्वांना दिसेल अशा मोठ्या अक्षरांतील एकच पुस्तक शिक्षकाने मुलांना जवळ बसवून वाचावे व मुलांनी जमेल तेथे त्याच्या आवाजात आवाज मिसळावा, अशी प्रारंभिक वाचनाची पद्धती. मराठी शाळांतील अनुवाचनाशी तिचे साम्य वरवरचे आहे. अनुवाचनात ओळ शिक्षकामागून म्हणावी लागते, सहवाचनात ती त्याच्याबरोबर म्हटली जाते आणि कोणावरही एकट्याने वाचण्याची पाळी येत नाही. अडखळत वाचणाऱ्या मुलाची चूक इतरांच्या आवाजात विरून जाते, हा तिचा मोठा गुण होय.

पद्धतीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. तिचे श्रेय सामान्यतः न्यूझीलंडचे शिक्षणतज्ज्ञ डॉन होल्डवे यांना देतात. त्यांची मांडणी ‘द फाउंडेशन्स ऑफ लिटरसी’ (1979) या ग्रंथात असली, तरी तीमागील प्रयोग बहुधा 1960च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनचे असावेत. ज्या घरांत मुलांना झोपताना गोष्ट वाचून दाखवतात, तेथील मुले अक्षरओळख होण्यापूर्वीच पुस्तक हाती धरून ‘वाचू’ लागतात, या निरीक्षणावरून तोच अनुभव वर्गात आणण्यासाठी त्यांनी पुस्तकाचा आकार वाढवला. काही अभ्यासक हे मूळ न्यूझीलंडच्याच शिक्षिका सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांच्या माओरी (तेथील मूळ रहिवासी) मुलांच्या शाळांतील कामात (‘टीचर’, 1963) शोधतात. तथापि त्यांचा आरंभ मुलाने स्वतः मागितलेल्या शब्दापासून होतो, होल्डवे यांचा तयार गोष्टीपासून. त्यामुळे प्रत्यक्ष ऋणापेक्षा समान वातावरणाचा प्रभाव मानणे अधिक सयुक्तिक वाटते. भिंतीवरील तक्त्यांपर्यंत ही परंपरा मागे नेली, तर फळ्यावरचे प्रत्येक वाचन सहवाचन ठरेल.

तंत्रात शब्द दाखवण्याच्या काठीला महत्त्व आहे. गोष्ट ऐकताना लहान मुलांची नजर बव्हंशी चित्रांवर असते व मजकुराकडे फार थोडा वेळ जाते, असे 2005 मधील नेत्रगतीच्या अभ्यासांत आढळले. म्हणून काठी उच्चाराबरोबर शब्दाशब्दावरून सरकवतात. देवनागरीत ती अक्षराअक्षरावरून नेणे अडचणीचे ठरते, कारण ऱ्हस्व इकाराची वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिली जाऊन नंतर उच्चारली जाते. ओळखीच्या पुस्तकातील एखादा शब्द कागदाने झाकून मुलांना तो ओळखायला लावणे, हीदेखील रूढ युक्ती आहे.

एकच पुस्तक अनेक दिवस वाचले जाते. त्यासाठी पालुपद असलेला मजकूर निवडतात. मराठीत ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’ किंवा ‘चिऊताई चिऊताई, दार उघड’ अशी पालुपदे असलेल्या लोककथा त्याला सोयीच्या आहेत. तिसऱ्या-चौथ्या वाचनात मूल पाठ म्हणते, वाचत नाही, हा आक्षेप जुना आहे. होल्डवे यांनी या ‘वाचनसदृश वर्तना’ला वाचनाची पूर्वावस्था मानले आणि ते स्वीकारार्ह दिसते, मात्र मूल तेथेच थांबले नाही तर. अमेरिकेतील नॅशनल अर्ली लिटरसी पॅनेल या प्रारंभिक साक्षरतेवरील तज्ज्ञसमितीच्या 2008च्या अहवालातही अशा एकत्र वाचनाचा लाभ मौखिक भाषा व मुद्रित मजकुराची जाण यांत नोंदवला आहे. अक्षर-ध्वनिसंबंध पक्का न झालेल्या मुलांना तो स्वतंत्रपणे शिकवावाच लागतो.

अनेक अक्षरे न वाचता येणारे मोठे मूल बालगोष्टीला कमीपणाचे मानते. त्याच्यासाठी पाककृती, क्रिकेटचे वृत्त किंवा एस.टी.चे वेळापत्रक मोठ्या कागदावर उतरवून घेता येते.