टॅक्टाइल फरशी

टॅक्टाइल फरशी (स्पर्शफरशी) : अंध व क्षीणदृष्टी पादचाऱ्यांना पायाच्या तळव्याने किंवा पांढऱ्या काठीने वाट आणि धोका ओळखता यावा यासाठी फुटपाथ, फलाट, जिने व रस्ता ओलांडण्याच्या जागी बसवलेली उंचवट्यांची फरशी. भारतात ती बहुधा पिवळी असते. २०११ च्या जनगणनेत दृष्टिदोष असलेल्यांची संख्या सुमारे ५० लाख होती.

ही फरशी जपानमध्ये सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये तयार केली. १८ मार्च १९६७ रोजी ओकायामा शहरातील अंधशाळेजवळच्या रस्त्यावर ती पहिल्यांदा बसवण्यात आली. पुढे जपानी रेल्वेने ती फलाटांवर घेतली आणि तिथून ती जगभर गेली. आयएसओ २३५९९ हे तिचे आंतरराष्ट्रीय मानक २०१२ मध्ये आले.

खुणा दोनच आहेत. लांबट पट्ट्यांची फरशी म्हणजे ‘सरळ चला’. गोल ठिपक्यांची म्हणजे ‘थांबा, पुढे काहीतरी आहे’. नेहमीचा आकार ३०० × ३०० मिमी, उंचवटा सुमारे ५ मिमी. उंचवटा झिजून २-३ मिमी उरला की जाड तळाच्या चपलेतून तो जाणवत नाही. फार वाढवला तर वृद्ध अडखळतात आणि व्हीलचेअर दणके खाते. पट्ट्या चालण्याच्या दिशेला समांतर हव्यात. गवंड्याने त्या आडव्या बसवल्या तर काठी पट्टीच्या कडेने सरकण्याऐवजी दर पावलाला अडते आणि दिशा कळत नाही. वाट वळते किंवा फुटते तिथे पट्ट्या थांबवून ठिपक्यांचा चौक करतात. जिना व उताराच्या वर आणि खाली, साधारण ३०० मिमी आधी, ठिपक्यांची ओळ येते.

ठिपक्यांची खरी गरज फुटपाथच्या उतारापाशी असते. व्हीलचेअरला फुटपाथ आणि रस्ता यांच्यात पायरी नको असते, तर अंध माणसाला नेमकी तीच पायरी रस्ता सुरू झाल्याचे सांगते. पायरी काढून उतार केला आणि ठिपके बसवले नाहीत, तर एकाची सोय झाली आणि दुसरा नकळत वाहनांत पोहोचला. उताराचे प्रमाण १:१२ असते, म्हणजे १५० मिमी उंच फुटपाथला १.८ मीटर लांबीचा उतार लागतो. आपले कितीतरी फुटपाथ मुळात तेवढे रुंद नाहीत, म्हणून ठेकेदार चढ तीव्र करून मोकळा होतो. अशा जागी कोपऱ्यावर सगळा फुटपाथच खाली आणणे किंवा रस्ता ओलांडण्याचा पट्टा फुटपाथच्या उंचीला उचलून घेणे हे उपाय आहेत.

पट्ट्यांची रेघ भिंत, झाड, खांब वा कडेपासून साधारण ६०० ते ८०० मिमी दूर ठेवतात, म्हणजे चालणाऱ्याचा खांदा कशाला लागत नाही. प्रत्यक्षात रेघ थेट विजेच्या डीपीवर किंवा झाडाच्या आळ्यावर जाऊन संपते, आणि हा सर्वांत घातक दोष आहे : अशी फरशी बसवण्यापेक्षा न बसवलेली बरी, कारण तिच्यावर विश्वास ठेवून माणूस चाल वाढवतो. रेघ अशी अडथळ्यावर जाण्याचे कारण साधे आहे. नकाशावर रेघ आधी ओढली जाते आणि जागेवरचे अडथळे मोजलेच जात नाहीत. दुसरा दोष शोभेचा. फुटपाथ उठून दिसावा म्हणून सबंध लांबीभर ठिपके बसवले की थांबायचे कुठे हेच कळत नाही.

बसवताना फरशीचा तळ आजूबाजूच्या पृष्ठभागाशी सपाट असावा. फक्त उंचवटे वर. पट्ट्यांच्या मध्ये पाणी अडू नये म्हणून त्या सलग न ठेवता मधे फटी ठेवतात. पावसाळी शहरांत गुळगुळीत सिरॅमिक किंवा स्टीलचे ठिपके टाळावेत, ते ओले झाले की त्यांवरून पाय घसरतो. चिकटवलेल्या प्लॅस्टिकच्या फरशा खालचा थर ओला वा धुळकट असेल तर कडेपासून सुटतात. काँक्रीटच्या फरशीत रंग वरच्या थरात मिसळलेला हवा. वरून मारलेला रंग लवकर जातो. क्षीणदृष्टी माणूस फरशी पायापेक्षा डोळ्यांनी शोधतो, त्यामुळे फिकट पेव्हर ब्लॉकवर फिकट पिवळा रंग कुचकामी ठरतो. तिथे शेजारी गडद पट्टा द्यावा लागतो.

काम चांगले झाले तरी ते खोदाईत मोडते. केबलसाठी चर खणला जातो आणि बुजवताना फरशा हाताला येतील त्या दिशेने लागतात. रेघेत चेंबर आला तर त्याच्या झाकणातही फरशी बसवावी लागते. सफाईनंतर चौकोनी झाकण पाव वळण फिरून बसले की पट्ट्या आडव्या होतात. झाकण आणि चौकट यांवर जुळणारी खूण कोरली की हे टळते, पण निविदेत तसे लिहिलेले क्वचितच आढळते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सार्वजनिक जागा सुगम्य असणे बंधनकारक आहे. या अधिनियमाखालील नियमांतील तपशील मात्र बराच काळ शिफारशींच्या स्वरूपात वापरला गेला. राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी संबंधित नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीची किमान मानके शिफारशींपासून वेगळी काढण्याचा आदेश केंद्राला दिला.