हात न दाखवता गाडी थांबेल?

अक्कलकोट रस्त्यावर, एमआयडीसीच्या अंगाला, सकाळी कामाच्या वेळी दहा मिनिटं उभं राहावं. रस्ता ओलांडायची कला फुकटात शिकायला मिळते. विड्यांची पिशवी काखेला मारून एक बाई कडेला येते, उजव्या हाताचा पंजा छातीच्या उंचीवर उघडा धरते आणि येणाऱ्या रिक्षावाल्याच्या डोळ्यांत बघत चालू लागते. ती पळत नाही, बिचकत नाही. रिक्षावाला "काय मावशी, बघून की!" म्हणत ब्रेक दाबतो, तोवर ती निम्मा रस्ता पार झालेली असते. एसटीवर 'हात दाखवा, गाडी थांबवा' असं लिहिलेलं असायचं. आमच्या सोलापुरात पायी माणसाने ते परस्परच सगळ्या गाड्यांना लागू करून टाकलंय.

त्या पंजाकडे जरा बारकाईने बघितलं तर त्यात तीन गोष्टी सांगितलेल्या असतात: मी इथे आहे, मी तिकडे चालले आहे, आणि माझा वेग हा असा आहे. पायी चालणाऱ्याचा मोबाइल आणि रस्त्यावरची गाडी यांनी एकमेकांशी थेट बोलावं म्हणून जगभर जे तंत्रज्ञान घडवलं जातंय, त्यातल्या संदेशाचा गाभाही हाच आहे. ठिकाण, दिशा, वेग. पंजा फक्त समोरून दिसावा लागतो, बिनतारी संदेशाला ती अट नाही.

ही अट किती महाग पडते ते गाळप हंगामात कळतं. जिल्ह्यात साखर कारखाने मुबलक, त्यामुळे दिवाळीनंतर रस्त्यांवर उसाचे ट्रॅक्टर आणि त्यांच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या. त्यातली एक पंक्चर होऊन कडेला उभी आहे असं समजा. तिच्या पुढून एक माणूस रस्त्यावर पाऊल टाकतो. मागून ताशी ६० किलोमीटर वेगाने मोटार येते आहे, म्हणजे सेकंदाला साधारण १६.७ मीटर. माणूस दिसला, डोक्यात शिरलं आणि पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद धरला तर २५ मीटर तिथेच संपले. कोरड्या चांगल्या रस्त्यावर ब्रेक लागल्यावर गाडी थांबायला आणखी सुमारे २० मीटर. एकूण ४५. ट्रॉलीआडून आलेला माणूस १५ मीटरवर दिसला, तर ड्रायव्हरचा पाय ब्रेकला टेकायच्या आधीच व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. तीच गाडी ४०च्या वेगात असती तर सगळा हिशेब २६ मीटरच्या आसपास उरकला असता. वेग कमी करणं हा स्वस्त उपाय आहे, आणि नेमका तोच कुणाला नको असतो.

हल्लीच्या महागड्या गाड्यांत कॅमेरा आणि रडार असतात, माणूस आडवा आला की त्या स्वतःहून ब्रेक लावतात. युरोपात मोटारींना सुरक्षेचे तारे देणारी युरो एनकॅप ही संस्था २०१६ पासून या गोष्टीची चाचणी घेते. पण कॅमेऱ्याचा डोळा आणि आपला डोळा यांची अडचण एकच. ट्रॉलीच्या पलीकडचं दोघांनाही दिसत नाही.

रेडिओ लहरींचं तसं नाही. त्या रस्त्यावरून, शेजारच्या गाडीवरून, भिंतीवरून परावर्तित होतात, ट्रॉलीच्या खालून आणि कडेने वळून येतात. ३०० मीटर जायला त्यांना एक मायक्रोसेकंद लागतो. तेवढ्यात ६०च्या वेगातली मोटार केसाच्या जाडीइतकीसुद्धा पुढे सरकत नाही. बाकी विलंब असतो तो संदेश तयार करण्यात, तो तपासण्यात आणि आपली पाळी यायची वाट बघण्यात. म्हणून गाड्यांसाठीच्या यंत्रणेत संदेश सेकंदाला दहा वेळा सोडायचं ठरलं. दोन संदेशांमध्ये गाडी पावणेदोन मीटरसुद्धा जात नाही, हे चालण्यासारखं आहे. ड्रायव्हरला दोन सेकंद आधी कळलं, तर ३३ मीटर हातात आले.

अमेरिकेने १९९९ सालीच या कामासाठी ५.९ गिगाहर्ट्झच्या आसपासचा ७५ मेगाहर्ट्झचा पट्टा राखून ठेवला होता. त्यावर बोलायची पद्धत वाय-फायच्या घराण्यातली, तिचं मानक २०१० मध्ये आलं. मग २०१७ मध्ये मोबाइलवाल्यांनी आपली वेगळी पद्धत आणली. तिच्यात टॉवर मध्ये न घेता दोन उपकरणं थेट बोलतात. दोन भावकीत वाटणीवरून चालावं तसं भांडण चाललं आणि २०२० मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने पट्ट्यातले ४५ मेगाहर्ट्झ साध्या वाय-फायला देऊन टाकले, उरलेले ३० मोबाइलवाल्यांच्या पद्धतीला. पायी माणसाच्या वाट्याला या वीस वर्षांत प्रात्यक्षिकंच आली. २०१३ मध्ये होंडाने मोबाइलच्या चिप बनवणाऱ्या क्वालकॉमच्या जोडीने असं एक करून दाखवलं होतं: उभ्या गाडीआडून माणूस रस्त्यात येतोय, त्याच्या खास फोनवर मोठ्याने इशारा वाजतोय आणि ड्रायव्हरच्या समोरही दिवा लागतोय. दिसायला छान होतं. गाडीशी असं थेट बोलणारा तो रेडिओ बाजारातल्या नेहमीच्या फोनमध्ये मात्र नसतो.

रेडिओची अडचण पैशाने सुटेल. खरी गाठ पुढे आहे: माणूस नेमका कुठे आहे?

नवी पेठेत चादरीच्या दुकानाबाहेर उभं राहून मी एकदा फोनवर नकाशा उघडला. निळा ठिपका आधी दुकानात शिरला, मग समोरच्या बोळात गेला, मग रस्त्याच्या मधोमध जाऊन थांबला. मी जागचा हललो नव्हतो. मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनचा जीपीएस साधारण पाच मीटरच्या आत बरोबर असतो. दोन्ही बाजूंनी तीन-तीन मजले असले की उपग्रहाचा संकेत भिंतीवर आपटून लांबच्या वाटेने येतो, आणि फोनला वाटतं उपग्रहच लांब आहे. नकाशा बघून दुकान शोधायला एवढी चूक चालते. पण कडेने निवांत चाललेला माणूस आणि रस्त्यात उतरलेला माणूस यांच्यात अंतर असतं एका पावलाचं. पाच मीटरच्या चुकीत ते दोघे एकच. म्हणजे कडेने जाणाऱ्या प्रत्येकासाठी गाडीत इशारा वाजणार, आणि चौथ्या दिवशी ड्रायव्हर तो बंद करून टाकणार. रिव्हर्सचं गाणं वाजवणाऱ्या टेम्पोकडे आपण जेवढं लक्ष देतो, तेवढंच त्याच्याकडे दिलं जाईल.

यावर काम चालू आहे. २०१८ पासून दोन वारंवारितांवर संकेत घेणारे फोन मिळू लागले. त्यामुळे वातावरणाच्या वरच्या थरात होणारा उशीर मोजून वजा करता येतो आणि भिंतीवर आपटून आलेला संकेतही बराच ओळखता येतो. नाविक या आपल्या देशी जीपीएसच्या २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहावर साध्या फोनना सोयीची एल-१ वारंवारिता आहे. शिवाय फोनमध्ये हालचाल ओळखणारे सेन्सर असतातच. कडेवरून खाली उतरताना पाय कसा पडतो, माणूस कुठल्या बाजूला वळला, याचा अंदाज त्यातून बांधता येतो. अंदाजच तो. रस्ता ओलांडायला म्हणून निघालेला माणूस कोपऱ्यावर पानाच्या टपरीकडे वळला, तर ते त्याला स्वतःलाही आधी ठाऊक नसतं.

दुसरी गाठ गर्दीची. ती समजून घ्यायची असेल तर कोजागिरीच्या रात्री तुळजापूर रस्त्यावर यावं. रूपाभवानीच्या देवळापासून पुढे उळे, तामलवाडी, मग घाट, असं साधारण ४५ किलोमीटर. सगळं सोलापूर रात्रभर चालत असतं. कडेला चहा, केळी, पायाला मलम लावून देणारी पोरं, आणि मधूनच 'आई राजा उदो उदो'. त्या रात्री त्या रस्त्याची वाहतूक वळवलेली असते म्हणून बरं. पण समजा ती वळवली नाही आणि प्रत्येकाच्या खिशातला फोन बोलू लागला. ३०० मीटरच्या टप्प्यात ५०० माणसं धरा. प्रत्येकाचे सेकंदाला दहा संदेश, म्हणजे ५,०००. खरेपणाच्या डिजिटल सही-शिक्क्यासह एक संदेश ३०० बाइटचा धरला तर सेकंदाला १ कोटी २० लाख बिट झाले. त्या जुन्या वाय-फाय घराण्यातल्या पद्धतीत एका चॅनेलचा नेहमीचा वेग ६० लाख बिट. आठवडी बाजारात सगळे एकदम ओरडले की कुणाचंच ऐकू येत नाही, तसं होणार. आणि त्या गलक्यात हरवणार तो नेमका रस्त्यात उतरलेल्या एकट्याचा संदेश.

पायी माणसांच्या अशा संदेशांसाठी युरोपात एक मानक आहे, त्यात यावर एक तोड आहे, ती वाचून मला हसू आलं. जवळजवळ, एकाच दिशेने, एकाच चालीने जाणाऱ्या लोकांचा गट करायचा. गटातला एकच फोन सगळ्यांच्या वतीने बोलेल: आम्ही इतके आहोत, एवढ्या जागेत आहोत, या दिशेला चाललो आहोत. बाकीच्यांनी गप्प राहायचं. कुणी गट सोडून बाजूला गेला की त्याने परत स्वतःच्या तोंडाने बोलायचं. ज्याने पालखीबरोबर वारी केली आहे त्याला दिंडी आणि विणेकरी वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. युरोपातल्या इंजिनिअरांना ही व्यवस्था लिहून काढायला पानंच्या पानं लागली.

याच मानकात आणखी एक शहाणपण आहे. संदेश ठरलेल्या ठेक्यावर पाठवायचा नाही, काही बदललं तरच पाठवायचा. माणूस चार मीटर सरकला, वळला किंवा चाल बदलली तर लगेच, नाहीतर पाच सेकंदांनी एकदा. घरात किंवा बसमध्ये बसलेल्याच्या फोनने बोलायचंच नाही. यात हवेतली गर्दी कमी होते आणि बॅटरीही वाचते. बॅटरीचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण जीपीएस सतत चालू ठेवून दुपारपर्यंत फोन मेला, तर माणूस पहिल्यांदा हेच ॲप काढून टाकेल. मी तरी टाकेन.

शरीराचीही एक गंमत आहे. ५.९ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी पाच सेंटिमीटरच्या आसपास असते आणि आपलं शरीर म्हणजे बहुतांश पाणी. पाणी या लहरी शोषून घेतं. फोन डाव्या खिशात आणि गाडी उजवीकडून, की मधल्या माणसामुळेच संकेत बराच क्षीण होतो. उसाच्या ट्रॉलीचंही तेच, ऊस म्हणजे उभं पाणीच.

आता इशारा कुणाला द्यायचा? पायी माणसाच्या फोनने थरथरून सांगावं, हे वरवर सोपं वाटतं. पण खिशात फोन थरथरला की माणूस काय करतो? थांबतो आणि फोन काढून बघतो. तेही रस्त्याच्या मध्यावर. माझं मत स्पष्ट आहे: एक-दीड टनाचं लोखंड ज्याच्या हातात आहे त्याला आधी सांगावं, आणि त्याने ऐकलं नाही तर त्याच्या ब्रेकला. चालणाऱ्यावर नवी जबाबदारी टाकली की उद्या अपघातानंतर 'फोन बंद का होता?' हा प्रश्न त्याच्याच घरच्यांना विचारला जाईल. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. त्यांच्यावर अजून एक अट लादण्याची माझी तरी तयारी नाही.

कुणी माग काढेल ही भीतीही खोटी नाही. त्यासाठी संदेशात नाव-नंबर नसतो. असते ती तात्पुरती ओळख, आणि ती थोड्या थोड्या वेळाने बदलत राहते. सही खरी आहे हे गाडीला तपासता येतं, सही कुणाची ते कळत नाही.

हे सगळं जमलं तरी एक गुणाकार उरतो. दहा टक्के गाड्यांत ही यंत्रणा आणि दहा टक्के पायी लोकांच्या फोनमध्ये, तर दोघांची गाठ पडायची शक्यता शंभरात एक. निम्म्या-निम्म्यांकडे आली तरी चारात एक. त्या विडीवाल्या बाईंना मी एकदा फोनबद्दल विचारलं होतं. कमरेच्या पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला बटणाचा फोन काढून दाखवला. बंद होता. "चालू कशाला ठेवू? मला कुणाला लावायचा असला की चालू करते की," म्हणाल्या.

अशांसाठी वेगळी वाट आहे. चौकातल्या खांबावर कॅमेरा आणि रेडिओ बसवायचा. कॅमेरा माणूस ओळखतो आणि खांब त्याच्या वतीने येणाऱ्या गाड्यांना कळवतो. माणसाच्या खिशात काही असावं लागत नाही, गुणाकारातला एक आकडा गळून पडतो. जीपीएसची चूकही टळते, कारण खांब आपल्या जागेवर पक्का असतो आणि समोरचा रस्ता त्याला आधीच मोजून दिलेला असतो. स्मार्ट सिटीच्या २०१६ मधल्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचं नाव होतं, तेव्हा खांब आणि कॅमेरे हे शब्द आम्हाला नवे नाहीत. मावशींचा पंजा असा खांब बघू शकेल. फक्त तो रोवताना कुणीतरी आधी गाळप हंगामात येऊन बघावं, त्याच्या पुढ्यात उसाची ट्रॉली उभी राहते का ते.