कागद असो की संगणक, गणिताचे गुण तेवढेच पडतात का?

दहावीचा निकाल लागला की राजारामपुरीतल्या क्लासच्या दारात पालक एकमेकांना धीर देतात, "पोरगं गणितात हुशार आहे. कागद काय नि संगणक काय, गुण तेवढेच पडणार." हा समज चुकीचा आहे आणि त्याची किंमत मुलं मोजतात.

अमेरिकेत २००१ साली आठवीच्या मुलांवर याची तपासणी झाली. संगणकावर परीक्षा देणाऱ्यांची गणिताची सरासरी कागदवाल्यांपेक्षा थोडी कमी आली. मॅसॅच्युसेट्स राज्यातही २०१५ मध्ये असाच फरक दिसला, पण दुसऱ्या वर्षी तो जवळपास एक तृतीयांशावर आला. म्हणजे सवयीचा वाटा मोठा.

कारण सरळ आहे. छापील आकृतीवर पोर तिथंच कोन लिहितं, रेघ वाढवतं. पडद्यावरची आकृती आधी कच्च्या कागदावर उतरवावी लागते. नजर सतत वर-खाली होते, आणि उतरवतानाच आकडा चुकतो.

शिवाय आपल्या बोर्डात बीजगणित ४०, भूमिती ४०, आणि उत्तर चुकलं तरी बरोबर पायऱ्यांना गुण. बारावीनंतर संगणकावर होणाऱ्या सीईटी या प्रवेश परीक्षेत गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, आणि मोजला जातो फक्त निवडलेला पर्याय. पायऱ्या कुणी बघत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा प्रश्न कोरा सोडू नये.

अकरावीपासूनच सराव परीक्षा संगणकावर द्यायला लावा, शेजारी कोरा कागद ठेवून. मोबाईलवर नको.