भोक बघा, मग नाव द्या: स्टूप की पिसीना?

इंग्लंडमधल्या जुन्या पॅरिश चर्चच्या भिंतीत दगडी वाटी दिसली, की आपले पर्यटक फोटोखाली ‘पवित्र पाण्याचं पात्र’ लिहून मोकळे. त्यातल्या कितीतरी वाट्यांत पवित्र पाणी कधी ठेवलेलंच नसतं.

पवित्र पाण्याचं पात्र, म्हणजे स्टूप, वसई-गोव्याच्या माणसाला काय समजावायचं! दाराशी असतं, बोटं बुडवायची, क्रुसाची खूण करायची, आत जायचं. बाप्तिस्म्याचा फॉन्ट, म्हणजे बाप्तिस्म्याच्या पाण्याचं कुंड, जमिनीवर उभा असतो आणि मध्ययुगीन असेल तर त्यात बाळ बुडवता येईल एवढा मोठा. या दोघांत गल्लत करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

खरा घोळ पिसीनाचा, म्हणजे धुतलेलं पाणी सोडायच्या वाटीचा. तीही भिंतीतल्या कोनाड्यात, वर तशीच नक्षीदार कमान. पण जागा वेदीजवळ, वेदीकडे तोंड केलं की उजव्या, म्हणजे दक्षिणेच्या भिंतीत. आणि तळाला भोक. मिस्सात, म्हणजे भाकरी-द्राक्षारसाच्या उपासनेत, फादर बोटं धुणार, चषक विसळणार. त्या पाण्यात पवित्र भाकरीचा कण किंवा द्राक्षारसाचा थेंब असू शकतो. ते वाटेल तिथे कसं ओतणार? म्हणून ते भोकातून, भिंतीच्या आतून, चर्चच्याच पवित्र जमिनीत मुरतं. अभिषेकाच्या पाण्याला गोमुखाची वाट ठरवून देणाऱ्यांना हे अवघड वाटू नये. स्टूपमध्ये पाणी साठवायचं असतं, त्याला भोक कशाला असेल?

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात पिसीनाला बऱ्याचदा दोन वाट्या असत: एक हातांसाठी, एक चषकासाठी. पुढे चषक विसळलेलं पाणी फादर स्वतःच पिऊ लागले आणि दुसरी वाटी गेली. त्यामुळे जोडवाटी दिसली की भिंतीच्या वयाचाही अंदाज येतो.

नाव चुकलं तर बिघडतं काय? बरंच. इंग्लंडचा प्रॉटेस्टंट राजा सहावा एडवर्ड याच्या काळात, 1550 च्या सुमारास, जुन्या कॅथलिक रीती मोडताना दगडी वेद्या उखडल्या गेल्या. स्टूपही फोडले गेले. पोर्चमध्ये अर्धी तुटलेली वाटी दिसते ती बहुधा त्यातलीच. भिंतीतल्या पिसीना मात्र बऱ्याच वाचल्या. बाजूच्या दालनाच्या पूर्व टोकाला एकटीच पिसीना दिसली, तर तिथे एके काळी वेदी होती. तिला स्टूप म्हटलंत की त्या वेदीची उरलेली खूणही पुसलीत. (तिच्यात फुलं खोचणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं.)

जुन्या सामानाच्या बाजारातले सुटे दगड हा निराळा ताप. तिथे स्वयंपाकघरातला दगडी खलसुद्धा ‘चर्चमधला’ म्हणून खपवतात. बाहेरून धरायला कान आणि तळ घासून गुळगुळीत झालेला, तर तो खल समजा. भोकावरही लगेच भुलू नका: बागेत कुंडी करायला कुणी ड्रिल मारलेलं असतं. कडा कोऱ्या, भोक सरळसोट असेल, तर विक्रेत्याची गोष्ट ऐकून घ्या आणि पैसे खिशातच ठेवा.