पर्वतीय रस्ते आणि वनस्पतींचे वितरण

डोंगर कापून काढलेल्या रस्त्याच्या कडेला माती, ऊन, पाण्याचा निचरा आणि बियांची ये-जा हे सगळेच बदलते. त्यामुळे कोणती वनस्पती किती उंचीपर्यंत आढळते, हेही बदलते. डोंगरात दर हजार मीटर चढल्यावर तापमान साधारण 6 अंश सेल्सिअसने उतरते. पायथ्याचे रान, मधला झाडोरा आणि माथ्यावरचे गवत असे पट्टे पडतात, त्यामागचे हे एक मोठे कारण आहे. रस्ता या सर्व पट्ट्यांतून एकच सलग, उघडी, सतत उकरली जाणारी जागा वर नेतो. पट्टा कोणताही असो, साइडपट्टी सगळीकडे बरीचशी सारखी असते. रस्त्याचा खरा परिणाम त्याच्या डांबरी रुंदीवरून कळत नाही, तो या सलगपणात आहे.

खोदकामात वरची काळी माती निघून जाते आणि मुरूम व खडी उरते. भरावासाठी दुसरीकडून आणलेल्या मातीतून तिथल्या बिया येतात. झाडे तुटल्याने ऊन थेट जमिनीवर पडते. काँक्रीटमधल्या चुन्याने कडेच्या मातीची आम्लता घटते, तर वाहनांच्या धुरातून तिला नत्र मिळते. युरोपातल्या घाटांत बर्फ वितळवायला टाकलेले मीठही मातीत मुरते. बिया टायरांना चिकटलेल्या चिखलातून, वाहनांमागे उठणाऱ्या वाऱ्याने आणि गटाराच्या पाण्याने प्रवास करतात. पाणी त्यांना फक्त उतारावर नेते. वर चढवण्याचे काम मुख्यतः वाहने करतात.

या विषयावर सर्वांत पद्धतशीर काम 2005 मध्ये सुरू झालेल्या ‘माउंटन इन्व्हेजन रिसर्च नेटवर्क’ (मायरेन) या आंतरराष्ट्रीय गटाने केले आहे. पायथ्यापासून माथ्यापर्यंत ठरावीक उंचीच्या अंतराने रस्त्यालगत 50 मीटर लांब व 2 मीटर रुंद पट्टी आखतात. तिच्यापासून काटकोनात 100 मीटर आतपर्यंत रानातही पट्ट्या आखतात आणि दर पाच वर्षांनी त्याच जागांची पुन्हा पाहणी करतात. काश्मीरचा समावेशही या जाळ्यात आहे. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणाने एक जुना समज बदलला. उंचावर दिसणाऱ्या परक्या, म्हणजे दुसऱ्या प्रदेशांतून आलेल्या, वनस्पती थंडीच्या खास प्रजाती नसतात. त्या बहुधा पायथ्याशी शिरलेल्या प्रजातींपैकीच असतात आणि ज्यांना उष्ण व थंड दोन्ही हवा मानवते, त्याच रस्त्याने वर पोचतात. म्हणून उंचीबरोबर परक्या प्रजातींची संख्या घटत जाते. मात्र ही घट कायमची नाही. 11 पर्वतीय प्रदेशांतल्या पाहण्यांवरून 2023 मध्ये असे दिसून आले की रस्त्यांलगतच्या परक्या प्रजातींची संख्या दशकाला सरासरी 16 टक्क्यांनी वाढते आहे.

स्थानिक वनस्पतींवरचा परिणाम एकसारखा नसतो. काही रस्त्याच्या कडेने वर सरकतात, काही मागे हटतात. माथ्यावरच्या काही छोट्या वनस्पती साइडपट्टीवर आपल्या पट्ट्याच्या खालीही उतरलेल्या दिसतात, कारण तिथे त्यांना झाकणारी झुडपे नसतात.

सह्याद्रीची उंची बेताची आहे. कळसूबाईचे शिखर 1,646 मीटर आहे. त्यामुळे इथे वनस्पतींना अडवण्यात थंडीपेक्षा पाऊस, धुके आणि मातीची जाडी यांचा वाटा मोठा. महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पाचगणी मागे टाकून पसरणी घाट उतरून वाईला आले की तो 1,000 मिलिमीटरच्याही खाली येतो. अशा वेळी एकच रस्ता कोरड्या देशाला, म्हणजे घाटाच्या पूर्वेकडच्या पठाराला, आणि ओल्या घाटमाथ्याला जोडतो. 1950 च्या दशकात पुण्यात नोंदले गेलेले गाजरगवत हे परके तण रस्ते, लोहमार्ग आणि पडीक जमिनींवरून देशभर पसरले. कोकणाच्या बाजूने रानमोडी ही दुसरी परकी वनस्पती घाटांत शिरते. तिच्या बीला केसांचा झुबका असतो आणि वाहनाचा झोतही त्याला पुरतो. रानतुळशीचे बी ओले झाले की बुळबुळीत होऊन चिकटते. घाणेरी मात्र मुख्यतः पक्ष्यांमुळे पसरते. रस्ता तिला फक्त उजेडाची कड देतो.

घाटातली कापलेली भिंत पाहण्यासारखी असते. जुलैत कातळाच्या फटींतून पाणी झिरपू लागले की तिच्यावर शेवाळ, नेचे आणि तेरडा दिसू लागतात. पावसाळा सरता सरता उतारावर सोनकी पिवळी होते. या सगळ्या इथल्याच वनस्पती आहेत. रस्ता म्हणजे केवळ परक्यांचा रिघाव असे म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. पण पावसाळ्यात दरड कोसळून किंवा रुंदीकरणात ही भिंत पुन्हा फोडली जाते आणि दरवेळी झटपट वाढणाऱ्यांनाच पहिली संधी मिळते.

सड्यांची, म्हणजे डोंगरावरच्या सपाट उघड्या कातळांची, गोष्ट अधिक नाजूक आहे. 2012 मध्ये जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता मिळालेल्या कास पठारावर जांभ्या कातळावर मातीचा थर जेमतेम असतो. पावसाचे पाणी तिथे पातळ थराने पसरत जाते आणि गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू यांसारख्या वनस्पती त्यावरच जगतात. सड्यावर रस्ता थोडा जरी उंच बांधला, तरी एका बाजूला पाणी साचते आणि दुसरी बाजू लवकर सुकते. भरावाची जाड माती पडली, तर कमी मातीत जगणाऱ्यांचे वैशिष्ट्यच निरुपयोगी ठरते आणि उंच गवते ती जागा घेतात. असे नुकसान भरून काढणे फार अवघड असते, म्हणून सड्यावरच्या रस्त्याचा आराखडा करताना पाण्याच्या वाटा आधी पाहायला हव्यात.

उपाय बरेचसे साधे आहेत: भरावाची माती जवळची वापरणे, जेसीबी व डंपर एका जागेहून दुसरीकडे नेण्यापूर्वी धुणे, उतार धरून ठेवण्यासाठी गिरिपुष्प किंवा सुबाभूळ ही परकी झाडे लावण्याऐवजी कारवी व स्थानिक गवते लावणे. लक्ष ठेवायचे ते पायथ्याशी, कारण वर जाणारे बहुतेक तिथूनच निघतात. साइडपट्टीची सफाई पावसाळ्यानंतर करण्याची पद्धत गाजरगवताच्या बाबतीत उलट फळ देते. तोवर रोपट्यांवर हजारो बिया धरलेल्या असतात आणि कापणीबरोबर त्या सर्वत्र उडतात. नुसते कापल्यास बुडख्यातून नवे फुटवेही येतात. म्हणून ते फुलण्याआधी, माती ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे लागते.