जास्त विजेतेपदे म्हणजे सरस बॉल नव्हे

टेनपिन बोलिंगची, म्हणजे जड बॉल घरंगळत नेऊन दहा पिना पाडण्याच्या खेळाची, आवड लागलेल्या आपल्या गावाकडच्या तरुणांमध्ये एक समज पक्का रुजला आहे : अमेरिकेतील पीबीए या व्यावसायिक मालिकेत ज्या ब्रँडच्या बॉलने अधिक विजेतेपदे मिळवली, त्याचाच बॉल सर्वोत्तम. हा समज चुकीचा आहे. यवतमाळ जिल्ह्यात जे कपाशीचे वाण सर्वाधिक एकरांवर पेरले जाते, त्याचे एकूण क्विंटल जास्त भरणारच. त्यावरून एकरी उतारा ठरत नाही. तसेच, ज्या कंपनीशी करारबद्ध असलेले खेळाडू स्पर्धेत अधिक उतरतात, तिच्या नावावर विजय अधिक जमा होतात. म्हणून तुलना करायची, तर विजयांना त्या ब्रँडच्या सहभागी खेळाडूंच्या संख्येने भागले पाहिजे.

शिवाय मोजणी नेमकी कोणाची करायची? रोटो ग्रिप आणि ९०० ग्लोबल हे ब्रँड स्टॉर्म या बॉल बनवणाऱ्या कंपनीच्या छत्राखाली आहेत, तर २०१९ मध्ये ब्रन्सविक या दुसऱ्या कंपनीने एबोनाइट, हॅमर, ट्रॅक आणि कोलंबिया ३०० हे ब्रँड विकत घेतले. एकेक ब्रँड मोजला की एक क्रमवारी लागते, मालकानुसार मोजले की दुसरी.

खेळाडूचे कौशल्य तर सर्वांत मोठे. मेजर म्हणजे सर्वांत मानाच्या स्पर्धांच्या सर्वाधिक विजेतेपदांचा मानकरी जेसन बेलमोंटे दीर्घकाळ स्टॉर्मकडून खेळला, म्हणून ते सारे श्रेय बॉलला देणे हा त्याच्या दोन हातांच्या शैलीवर अन्याय आहे. बॉल ज्यावरून घरंगळतो त्या ६० फुटी लेनवर तेलाचा थर जसा बदलतो, तसे हे व्यावसायिक खेळाडू बॉलही बदलतात. नागपुरात बॉल विकत घेणाऱ्याने आधी वजन आणि बोटांच्या छिद्रांचे माप पाहावे, ब्रँड नंतर.